उसनं हसणं

२ मार्च

ताई,

फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलोय. बसलोय म्हणजे काय, एवढं एक वाक्य लिहीपर्यंत दोनदा उठून खिडकीशी जाऊन आलो. मुलींना घेऊन पोहण्याच्या स्पर्धेला बाहेरगावी गेली होतीस, कबूल. पण ती स्पर्धा कधीच संपली असेल ना? मेसेज केला की "बरी आहे", "कामात आहे", एवढंच येतं. तू आणि दोन शब्दांत आटपतेस? पोहायला शिकवताना तलावाच्या या काठावरून पलीकडच्या काठावरच्या पोरीला झापणारी बाई तू! मी घर बंद करून लेकीकडे राहायला आलो, तुझ्याकडे आलो नाही, त्याचा राग आहे का? असेल तर सरळ बोल.

इथलं सांगतो. लेकीचं घर सातव्या मजल्यावर. आल्या आल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, गळके नळ दुरुस्त केले, मिक्सर उघडून परत जोडला. आता बिघडलेलं काही उरलं नाही आणि माझे हात शिवशिवतायत. सगळी हयात लिफ्टच्या दुरुस्तीत गेली, म्हणून मग इथल्या लिफ्टमध्ये उभा राहून वर-खाली करत तिचा आवाज ऐकत बसतो. तिसऱ्या मजल्याशी ती जरा कण्हते. परवा वॉचमननं जावयाला विचारलं, "साहेब, तुमचे सासरे लिफ्टमध्येच राहतात का?" जावई हसला. लेक नाही हसली. "बाबा, तुम्ही घरात फिरत राहता ना, मला ऑफिसात बसून चक्कर येते," म्हणाली. आणि मला न विचारता माझं नाव घालून आली. कुठे? हास्य क्लबात!

वाचनालयामागच्या मैदानात सकाळी माणसं गोल करून उभी राहतात. हात वर, हात खाली, "हो हो, हा हा हा". विनोद नाही, किस्सा नाही, कोणी घसरून पडलेलं नाही, नुसतंच हसायचं. पंचवीस-तीस शहाणीसुरती माणसं! मी बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली वाकलो आणि वाकल्या वाकल्या कुंपणाकडे सटकलो. परत काही जाणार नाही.

तू सांग, मी वेडा की ते?

तुझा,
भुंग्या


९ मार्च

भुंग्या,

वेडा तू. हे विचारायला कागद कशाला खर्च केलास?

राग वगैरे काही नाही. फोन कानाला लावला की डोकं दुखतं, आणि त्या मोबाइलवर माझी बोटं एका अक्षराऐवजी तिसऱ्यावरच पडतात. पत्र लिहीत जा. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखं आहे, ते बघून बरं वाटलं. तलाव दुरुस्तीसाठी बंद आहे. फरशा उखडल्यात, पाणी काढून टाकलंय. त्यामुळे मी घरीच असते. शेजारची शिंपीणबाई दिवसातून चारदा डोकावते आणि तिच्या सुनेबद्दल बोलत राहते, मी ऐकते. मजेत आहे.

आता तुझं. नाडीचं निमित्त करून पळालास? लाज वाटत नाही? वहिनी गेल्यापासून तू एका जागी टेकलेला नाहीस हे मला कळत नाही असं वाटतं का? आधी घरभर फिरत होतास, आता लेकीच्या घरभर फिरतोयस. उद्यापासून त्या मैदानात जायचं. आवडतं का विचारलेलं नाही, जायचं. आणि कोण कोण येतं, कसं हसतं, सगळं बारकाईनं कळवायचं. मला हल्ली वाचायला काही नसतं.

ताई


१८ मार्च

ताई,

तुझा हुकूम मानला. जातोय.

क्लब चालवतात ते बेकरीवाले आहेत. भट्टीचं काम उरकून थेट मैदानात येतात, त्यामुळे भुवयांना मैदा. त्यांचं हसणं पोटातून निघतं आणि पोट भरपूर आहे. त्यांच्या शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या ओठ मिटून हसतात. का, तर म्हणे, "दिवसभर लोकांचे दात बघते, निदान सकाळी कोणाला माझे दिसायला नकोत." एक पेन्शनर आहेत, ते हसताना सगळ्यांकडे संशयानं बघतात. आणि मी. मला हसूच येईना. "हा हा" म्हणायचो, पण कोणी पाढे म्हणतंय असं वाटायचं. बेकरीवाले कोपऱ्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "लिफ्टवाले, तुमचं हसणं मधल्या मजल्यावर अडकतंय." मग म्हणाले, "स्वतःचं येत नसेल तर दुसऱ्या कोणाचं आणा. उसनं चालतं इथं."

मग मी तुझं आणलं.

आधी तोंड उघडं टाकून नुसतंच थांबायचं, समोरच्याला वाटावं हिला काही झालं की काय. मग ती वर वर जाणारी किंकाळी, मग जिन्यावरून भांडी गडगडत खाली यावीत तशी उतरण, आणि शेवटी "अगं आई गं". जमलं, ताई! पहिल्या झटक्यात जमलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मग जो गोंधळ उडाला! डॉक्टरीणबाईंचे सगळे दात दिसले. मी खाली बसलो. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ. तुझी वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदा असा हसलो, आणि तेही तुझ्या आवाजात.

मग त्यांना किस्सा सांगावाच लागला. तुमच्या तलावाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे भाषण करता करता मागे सरकले, पाण्यात पडले, आणि तू हातात माइक घेऊन हसत सुटलीस, ते सगळ्या गावानं कर्ण्यावरून ऐकलं. आता मंडळी हट्टाला पेटलीयत, नक्कल नको, अस्सल ऐकवा. म्हणून येत्या रविवारी सकाळी, क्लब सुटायच्या बेताला, मी फोन लावणार. डोकं दुखलं तर दुखू दे, तेवढा उचल. बोलू नकोस हवं तर, नुसती हस.

भुंग्या


२६ मार्च

ताई,

काय झालं तेच कळलं नाही, म्हणून तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितोय.

फोन तू उचललास. किंवा कोणीतरी उचलला. आम्ही सगळे घोळका करून उभे, मधोमध बाकावर माझा मोबाइल. मी म्हटलं, "ताई, हस की!" पलीकडून काहीच नाही. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा फुस्स फुस्स आवाज. बेकरीवाल्यांना वाटलं तू लाजतेयस. त्यांनी "हो हो हा हा हा" सुरू केलं आणि सगळ्यांनी उचलून धरलं. तीस माणसं त्या एवढ्याशा फोनवर वाकून हसतायत! फुस्स फुस्स जोरात झालं, आणि फोन बंद. परत लावला तर कोणी घेतला नाही.

तूच होतीस ना? फोन बिघडलाय का? मी येऊन बघू?

भुंग्या


३१ मार्च

भुंग्या,

फोन बिघडलाय. येऊन बघायची गरज नाही.

आणि एक कायमचं सांगून ठेवते. माझं हसणं म्हणजे जत्रेतला पाळणा नाही, कोणीही यावं आणि चढावं. मला विचारलं होतंस, तिथं माझी नक्कल करून दाखवण्याआधी? घरातल्या गोष्टी अनोळखी माणसांत वाटून यायची ही कुठली सवय? पुन्हा करायचं नाही. त्या रविवारबद्दल पुन्हा विचारायचंही नाही.

बाकी ठीक.

ताई


९ एप्रिल

ताई,

तू मला आयुष्यभर झापलंस, पण "अनोळखी माणसांत" असं कधी बोलली नव्हतीस. तुझं पत्र शर्टाच्या खिशात घालून चार दिवस नुसता चालत होतो. मैदानावर गेलो नाही. जाऊन करणार काय? माझं म्हणून काही हसणं नव्हतंच, जे होतं ते तू काढून घेतलंस. पुन्हा लिफ्टमध्ये उभा राहायला लागलो.

पाचव्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं आणि समोर बेकरीवाले. हातात गरम पाव, मागे डॉक्टरीणबाई. "आजारी आहात की रुसलात?" म्हणाले. "आजारी असाल तर पाव खा, रुसला असाल तर पाव खा." घरात येऊन बसले, चहा झाला. ताई, मला शोधत कोणी घरी आलं असं मला आठवत नाही. लिफ्ट बंद पडली की येत असत, ते वेगळं.

निघताना डॉक्टरीणबाई दारात थांबल्या. हळूच म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या घशाचं काही ऑपरेशन झालंय का हो? फोनवरचा तो आवाज मी ऐकलाय पूर्वी." मी म्हटलं, काहीतरीच काय, ठणठणीत आहे ती! त्या गेल्यावर मी घरात दहा फेऱ्या मारल्या आणि मग तुझ्या तलावाच्या ऑफिसात फोन लावला. विचारलं, दुरुस्ती कधी संपणार? तिथला कारकून म्हणाला, "कसली दुरुस्ती? तलाव चालू आहे. ताई होय? त्या थंडीपासून येत नाहीत, सुट्टीवर आहेत."

फरशा उखडल्यात म्हणालीस. पाणी काढलंय म्हणालीस.

ताई, काय झालंय? मला आता कुठल्याही कामात हात घालवत नाही. काल जावयानं मुद्दाम, मला काहीतरी हवं म्हणून, पंख्याचा रेग्युलेटर सैल करून ठेवला होता. माझ्या लक्षातही आलं नाही. खरं ते लिही. आठवडाभरात पत्र आलं नाही तर मी बसमध्ये बसलो समज.

भुंग्या


१३ एप्रिल

भुंग्या,

ठीक आहे. बसून वाच. फिरत वाचू नकोस.

पावसाळा संपता संपता आवाज बसला. मला वाटलं, मुलींवर ओरडून बसला, नेहमीच बसतो. काढे झाले, गुळण्या झाल्या. मग घास गिळताना टोचायला लागलं. मोठ्या दवाखान्यात गेले, त्यांनी आत नळी घालून बघितलं आणि नाव सांगितलं. गाठ होती. त्यांनी गाठीसकट स्वरयंत्रच काढलं. सगळी गेली म्हणतात, तपासण्या चांगल्या येतायत, त्यामुळे तू लगेच रडायला बसू नकोस. मी मरत नाहीये. फक्त आवाज नाही. मानेला पुढून एक भोक आहे, माझा श्वास तिथून चालतो. वर पातळ रुमाल बांधते. मुलींना घेऊन स्पर्धेला गेले सांगितलं ना, तेव्हा मी दवाखान्यात होते. शिंपीणबाईनं सगळं केलं. तिची सून वाईट नाही, चांगली आहे. डबे तीच आणायची.

तुला का नाही सांगितलं? वहिनीसाठी तू दवाखान्याच्या व्हरांड्यात कसा फेऱ्या मारत होतास ते मी बघितलंय. त्याला वर्षही झालं नव्हतं. म्हटलं, आणखी एक व्हरांडा कशाला दाखवा. पुढे सांगू म्हटलं आणि मग ते पुढे काही आलंच नाही. तुला नुसतं "कामात आहे" लिहिणं सोपं होतं.

त्या रविवारी फोन मीच उचलला. नुसता तुझा आवाज ऐकावा म्हणून. तू म्हणालास, "हस की." आणि मला हसू आलंच, भुंग्या. तुम्ही सगळे वाकून हसत होतात ते डोळ्यांसमोर आलं आणि मी हसले. तो फुस्स आवाज म्हणजे माझं हसणं. आता ते असंच आहे. स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि घाबरून फोन बंद केला.

आवाजाचं काही वाटत नाही असं नाही, पण त्याची सवय होतेय. पाटी-पेन्सिल घेतलीय. लोक मात्र माझ्याशी ओरडून, एकेक शब्द सुटा करून बोलतात, जसं काही मला ऐकू येत नाही. खरं जे जात नाही ते वेगळंच आहे. या भोकातून पाणी आत गेलं तर सरळ फुप्फुसात. मला आता पाण्यात उतरता येणार नाही. कधीच. तलावाच्या रस्त्यानं मी जात नाही. बाजाराला लांबून वळसा घालून जाते. वाऱ्यावर क्लोरीनचा वास येईल म्हणून घाबरायचे, तर नाकातून श्वास नसल्यामुळे आता वासही येत नाही.

येऊ नकोस. मला तुझा चेहरा बघायचा नाही, म्हणजे तो तसा झालेला बघायचा नाही.

ताई


३० एप्रिल

ताई,

येऊ नकोस म्हणालीस तरी तुझ्याकडे येऊन गेलो, आणि चेहराही तसाच घेऊन आलो होतो, त्याला इलाज नव्हता. पहिल्याच दिवशी मीही तुझ्याशी ओरडून बोललो. तू पाटीवर "मी मुकी आहे, बहिरी नाही" लिहून ती माझ्या गुडघ्यावर हाणलीस. गुडघा अजून दुखतोय. सांगत नव्हतो, आज सांगतो.

एक तुला माहीत नाही ते सांगतो. तिसऱ्या दिवशी तू झोपली होतीस तेव्हा मी तलावावर जाऊन आलो. तुझ्या जागी एक पोरगा ठेवलाय. काठावर खुर्चीत बसून मोबाइल बघतो. उथळ बाजूला लहान मुली कठडा धरून नुसत्या पाय हलवत होत्या. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "तुम्ही मोठ्या बाईंचे कोण?" मी म्हटलं, भाऊ. ती म्हणाली, "त्यांना सांगा, मी अजून कठडा सोडलेला नाही." मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू पाटी कुठं हाणली असतीस कोणास ठाऊक.

आता मुद्द्याचं. मी तिकडे राहायला येतो. लेकीला सांगितलं. ती गप्प बसली, पण नाही म्हणाली नाही. तुझ्या दारासमोरची खोली रिकामी आहे, शिंपीणबाईंनी दाखवली. तुला बाहेरचं बोलायला, फोन घ्यायला कोणीतरी हवं. मला तरी इथं काय आहे? सकाळचा एक तास.

त्याआधी एकदा इकडे येऊन जा. लेक रोज विचारते. आणि क्लबात मी सगळं सांगितलंय, तुला न विचारताच सांगितलं, पुन्हा हाण. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यांना आणाच.

भुंग्या


२१ मे

भुंग्या,

ठरल्यापेक्षा आधी तुमच्याकडून निघून आले म्हणून लेक नाराज असेल. तिला सांग, तिचं काही चुकलं नाही. तूही बसस्टँडवर तोंड पाडून उभा होतास. तुला वाटलं मी क्लबावर चिडले. म्हणून जे घडलं ते माझ्या बाजूनं सांगते. तू त्या वेळी गोलाच्या पलीकडच्या टोकाला होतास आणि डोळे पुसत होतास, तुला अर्धंच दिसलं.

तुमच्या बेकरीवाल्यांनी जाहीर केलं, "आज आपण पाहुण्यांसाठी मूक हास्य करणार." आणि तुम्ही सगळे तोंडं उघडून, आवाज न काढता, खांदे हलवत माझ्याकडे बघायला लागलात. भुंग्या, तीस माणसं पाण्याबाहेर काढलेल्या माशांसारखी! आणि डोळ्यांत ती दया. मला वाटलं, इथून पळावं. मला बुटाची नाडीही नव्हती. म्हणून पाटीवर लिहिलं आणि डोक्यावर धरली. बेकरीवाल्यांनी मोठ्यानं वाचलं, "आवाज माझा गेलाय. तुमचा कुठे गेला?"

पहिल्यांदा डॉक्टरीणबाई फुटल्या. मग तो संशयी पेन्शनर, मग सगळेच. ते हसणं खरं होतं, ते मला कळतं. आणि मीही हसले, अशी हसले की मानेतली हवा जोरात आली आणि रुमाल उडून गवतात पडला.

हे तुला दिसलं नाही. सगळ्यांसमोर माझी मान उघडी. शेजारच्या बाईनं पटकन दुसरीकडे बघितलं. वाईट नव्हती ती, तिला जमलं नाही एवढंच. बेकरीवाल्यांनी रुमाल उचलला, झटकला आणि माझ्या हातात दिला. नजर चुकवली नाही. सरळ भोकाकडे बघितलं, जसं कोणी नवी खिडकी बघावी, आणि विचारलं, "यात पाणी चालत नसेल ना?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मग पोहण्याचं काय करता?"

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टर विचारायचे, गिळता येतं का. शिंपीणबाई विचारते, झोप लागली का. तू विचारतोस, मी येऊ का. मला दुसऱ्या दिवशी तिथं थांबवेना. बसमध्ये पूर्ण रस्ताभर रडले. रडण्याचाही आवाज होत नाही, ते एक सोयीचं आहे, शेजारचा प्रवासी गाढ झोपला होता.

म्हणून सांगते, तू इथं राहायला यायचं नाहीस. ती रिकामी खोली मी शिंपीणबाईच्या सुनेला शिलाईच्या क्लाससाठी मिळवून दिली. आता शोधू नकोस. तू इथं आलास की दोन महिन्यांत मी तुझ्या तोंडानं बोलायला लागेन आणि तू माझ्या घरभर फिरायला लागशील. "सकाळचा एक तास" म्हणालास. त्या तासात तू सरळ उभा असतोस, भुंग्या. नाडी न बांधता. मी बघितलं.

ताई


२ जून

ताई,

बॅग भरली होती, ती आज रिकामी केली. लेकीनं बघितलं आणि माझे शर्ट कपाटात लावले. म्हणजे तिला मी जायला नकोच होतो. मला हे आधी का कळलं नाही?

पण बरं काही वाटत नाहीये. तुला तिथं एकटीला ठेवून मी इथं सकाळी हात वर करून हसतो, हे मला पटत नाही. काल बेकरीवाले आले नाहीत, त्यांची भट्टी बिघडली होती, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. "लिफ्टवाले, तुम्ही घ्या आज." मी गोलाच्या मधे उभा. सगळे म्हणाले, ताईंचं हसणं करा. मी तोंड उघडलं, आणि ते येईना. तुझ्या पत्रातली ती उघडी मान आठवली आणि ते हसणं माझ्या तोंडात चोरीचं वाटायला लागलं. शेवटी माझंच जे काही आहे ते काढलं. पाढ्यांपेक्षा थोडं बरं होतं. कोणी तक्रार केली नाही.

तू तलावावर गेलीस का? गेली नसशील तर रागावू नकोस, नुसतं विचारतोय.

भुंग्या


१९ जून

भुंग्या,

माझं हसणं तू बिनधास्त वापर. चोरीचं काय त्यात? मी आता ते घेऊन काय करू, कपाटात ठेवू? निदान कुठंतरी वाजतं आहे.

हो, गेले. दहा दिवस नुसती कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरत होते. दवाखान्यात आम्हाला हवा गिळून घशातून आवाज काढायला शिकवतात. ढेकरेवर शब्द बसवायचे, असा प्रकार आहे. मी महिनाभर बेडकासारखी बसले, पण शब्द म्हणून काही निघत नव्हता. तिथल्या बाई म्हणाल्या, घाई करू नका. मला घाई करू नका म्हटलं की काय होतं ते तुला माहीत आहे. तशीच उठले आणि थेट तलावाच्या ऑफिसात गेले.

साहेब नवे आहेत. मी पाटीवर लिहिलं, पाण्यात न उतरता लहान मुलींना शिकवीन, काठावरून. त्यांनी वाचलं आणि सुरू झाले. मोठ्यानं, एकेक अक्षर सोडून. "ता-ई, तु-म्ही ख-रं-च खू-प के-लं-त. आ-ता घ-री आ-रा-म क-रा." मी लिहायला पाटी घेतली तर त्यांनी ती हलकेच माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवली. लाडानं, बरं का! "का-ही लि-हू न-का. आ-म्ही आ-हो-त ना." बाहेर मुली रांगेत उभ्या होत्या, कारकून होता, तो मोबाइलवाला पोरगा होता. सगळे ऐकत होते. साहेब थांबेचनात. माझी पाटी टेबलावर आणि मी लहान मुलीसारखी समोर उभी. मला असा संताप आला, भुंग्या, की पोटातून हवा वर आली आणि मी म्हणाले,

"गप!"

विहिरीत दगड पडावा तसा आवाज. पण शब्द, स्पष्ट. साहेब तोंड उघडं ठेवून बसले. कारकुनाच्या हातातला कप तसाच राहिला. मी स्वतःच दचकले आणि मागं वळून बघितलं, कोण बोललं म्हणून. तेव्हा बाहेरच्या मुलींत एकीला हसू फुटलं, मग सगळ्यांना, आणि शेवटी साहेबांनाही. चांगला माणूस आहे, नुसता बोलतो फार. पाटी त्यांनी स्वतः उचलून माझ्या हातात दिली आणि एका दमात, साध्या आवाजात विचारलं, "कधीपासून येताय?"

सकाळची लहान मुलींची तुकडी मिळालीय. शिट्टी फुंकता येत नाही, तोंडातून हवाच येत नाही. म्हणून कठड्यावर काठी आपटते. एकदा म्हणजे हात, दोनदा म्हणजे पाय. मुलींना पाठ झालंय. पाण्याच्या इतकं जवळ उभं राहून आत उतरायचं नाही, हे रोज नव्यानं जड जातं. काल पायऱ्यांपाशी गेले तर नकळत चप्पल काढली होती. परत घातली.

दुसरा शब्द अजून निघालेला नाही. मी तो एकच वापरतेय. शिंपीणबाईला वापरून झाला.

पत्र इथंच थांबवते. मुली कपडे बदलून बाहेर आल्यात आणि एक पोरगी खोल बाजूकडे चाललीय.

ताई